तळाची ताटली

आमच्या परसात पत्र्याच्या छपराखाली १९६६ सालापासून एक अँबॅसिडर मोटार उभी आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली त्या वेळी बेळगाव म्हैसूर राज्यात होते. पुढे १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले, २०१४ साली सरकारी दप्तरात गावाचे नावही बदलले. मधल्या काळात अण्णा गेले, मुले परगावी स्थिरावली, आम्ही उभयता पिकल्या पानांच्या वयाला आलो. गाडी मात्र आहे तिथेच आहे. घरातली लहानमोठी सारी तिला 'थोरली' म्हणतात. अण्णांनी घेतली तेव्हाचेच इंजिन तिच्या पोटात आजही आहे.

ह्या थोरलीसाठी तेलाची गाळणी, बाजारच्या भाषेत ऑइल फिल्टर, मिळवताना मला जे कळले ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. वस्तू म्हटली तर क्षुल्लक. हाताच्या मुठीत मावेल एवढे कागदाचे नळकांडे. परंतु तिच्या शोधात मी अखेर जिथे जाऊन पोहोचलो ते ठिकाण माझ्याच गावात, घरापासून पाऊण मैलावर होते. आणि तिथे जायला मला एकोणतीस वर्षे लागली.

निमित्त झाले नातीच्या लग्नाचे. २०२४ च्या फेब्रुवारीतला मुहूर्त धरला होता. लग्नानंतर नवदांपत्याने कुलदेवतेच्या दर्शनास जावे ही आमच्याकडची रीत, आणि आमची कुलदेवता गोव्यातील कवळ्याची श्रीशांतादुर्गा. अण्णांच्या काळी आम्ही दर वर्षी थोरलीतून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, बांदा करीत फोंड्याकडे जात असू. मांडवीवर पूल होण्यापूर्वी बेतीला गाडी फेरीबोटीत चढवावी लागे, आणि बोट हलली की आई हटकून डोळे मिटून घेई. ह्या गोष्टी नातीने ऐकलेल्या. तिने हट्टच धरला, "आजोबा, मी थोरलीतूनच जाणार."

थोरली चालत होती, पण चालणे नावापुरते. वर्षाकाठी दोनतीनशे किलोमीटर. मुलगा म्हणाला, "बाबा, आता तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करून टाका." केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी असा नियम केला आहे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, ती दहा वर्षे टिकते आणि पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे मिरवता येतात. सांगाडा, कवच किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. मान मोठा खरा, पण अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर पडायची. आम्हाला तर देवाला जायचे होते. म्हणून दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यायची साधी नोंदणीच मी चालू ठेवली. घाट चढायचा उतरायचा तर इंजिनाचे तेल आणि गाळणी बदलावी, एवढा विचार करून २०२३ च्या दिवाळीनंतर मी बाजारात गेलो.

दुकानातल्या मुलाने विचारले, "काका, अँबॅसिडरचा ना? हा घ्या." त्याने एक गोल बंद डबा काउंटरवर ठेवला. हा डबा सबंधच्या सबंध आट्यांवर फिरवून बसवायचा आणि जुना झाला की सबंध फेकून द्यायचा. असे फिरवून बसवायचे फिल्टर १९५० च्या दशकात अमेरिकेत निघाले आणि आता बहुतेक मोटारींना तेच असतात. १९९० च्या दशकात अँबॅसिडरला इसुझू कंपनीच्या आराखड्याचे इंजिन मिळाले, त्याचा तो फिल्टर. थोरलीचे इंजिन त्याच्या आधीच्या पिढीतले, १४८९ सी.सी.चे, मूळ इंग्लंडमधल्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचे. त्याला डबा इंजिनाच्या बाजूला कायमचा टांगलेला असतो. मधोमध एक लांब बोल्ट असतो. तो सोडला की डबा हातात येतो, आणि आतली कागदी गाळणी तेवढी बदलायची असते.

हे सांगितल्यावर मुलगा हसला. "ते आता कुठलं काका! कारखानाच बंद झाला."

त्याचे म्हणणे खरे होते. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याचा हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना २०१४ च्या मे महिन्यात थांबला. गाडी थांबली म्हणजे तिच्या सर्वच भागांवर एकदम संक्रांत येत नाही. दरवाजाची कडी पन्नास वर्षे पुरते. पण गाळणी ही वस्तूच मुळी फेकून देण्यासाठी केलेली. मागणी आटली की पहिल्याने ती बाजारातून नाहीशी होते.

वाचकांपैकी ज्यांचा यंत्रांशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. इंजिनाच्या तळाशी, ज्याला आपले मिस्त्री लोक 'चेंबर' म्हणतात, त्यात सुमारे चार लिटर तेल असते. पंप ते वर ढकलतो, गाळणीतून नेतो आणि फिरणाऱ्या दांड्यांच्या बेअरिंगांना पुरवतो. दांडा आणि बेअरिंग एकमेकांना टेकत नाहीत. दोहोंच्या मध्ये तेलाचा अगदी पातळ थर असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर भार पडल्यावर हा थर थोड्याशाच मायक्रॉनांचा उरतो. डोळ्यांना न दिसणारा धातूचा कणही तिथे वाळूच्या खड्यासारखा घासतो. आरंभीच्या मोटारींना तेल गाळण्याची जाळीखेरीज दुसरी सोय नव्हती. १९२३ साली अमेरिकेत स्वीटलँड आणि ग्रीनहाल्घ ह्या दोघांनी मोटारीसाठी तेलाचा फिल्टर काढला. त्याला त्यांनी 'प्युरोलेटर' नाव दिले, ते 'प्युअर ऑइल लेटर' ह्या शब्दांवरून. पुढे पुष्कळ वर्षे इंजिनांतले थोडेच तेल बाजूच्या वाटेने गाळले जाई. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतलेल्या विलिस जीपचा फिल्टर ह्याच जातीचा. थोरलीच्या इंजिनात मात्र सर्वच्या सर्व तेल आधी गाळणीतून जाते आणि मग बेअरिंगांकडे वळते.

असो. शोध सुरू झाला. बंगळूरच्या जे.सी. रोडवर माझा एक जुना विद्यार्थी चार दुकाने फिरला आणि त्याने दोन गाळण्या पाठवल्या. एक उंचीला कमी भरली, दुसरीचे भोक मोठे होते. पुण्याच्या नाना पेठेतून मुलीने एक आणली. ती पुठ्ठ्याच्या जुन्या पेटीत होती, किंमत रुपये आणि पैशांत छापलेली. मला आनंद झाला, पण हातात घेताच कागदाच्या घड्यांच्या कडांचा डिंक पिठासारखा गळू लागला. जुना माल म्हणजे चांगला माल ही समजूत कागद आणि रबर ह्यांना लागू पडत नाही. कपाटात पडल्यापडल्या दोन्ही वृद्ध होतात.

ह्या खटपटीत एक धडा मिळाला. गाडीच्या नावाने गाळणी मागू नये, मापाने मागावी. उंची, बाहेरचा व्यास, वरचे भोक आणि खालचे भोक, अशी चार मापे मी वहीत लिहिली. त्याच वेळी एक मौजेची गोष्ट कळली. थोरलीचे इंजिन ज्या कुळातले, त्याच कुळातली इंजिने इंग्लंडमध्ये एम.जी. नावाच्या उघड्या, दोन आसनी गाड्यांना बसवली जात. १९५५ सालच्या एम.जी.ए.ला तर हेच १४८९ सी.सी.चे होते, आणि १९६२ च्या एम.जी.बी.ला त्याचाच वाढवलेला भाऊ. त्या गाड्यांचे शौकीन इंग्लंडमध्ये हजारोंनी आहेत, म्हणून त्यांच्यासाठी कागदी गाळण्या आजही नव्या निघतात. आमची थोरली लग्नकार्याला, कोर्टाला आणि देवाला जाणारी गृहस्थाश्रमी गाडी. तिचे चुलत भाऊ समुद्रापार शर्यती खेळतात हे ऐकून मला हसू आले.

पण मापे जुळतात की नाही हे पाहण्यासाठी मूळ आकृती हवी होती. कलकत्त्याच्या मलिक बाजारातल्या एका दुकानदारानेही फोनवर हेच विचारले होते, "पार्ट नंबर बताइए." अण्णांच्या कपाटात, कायद्याच्या ग्रंथांच्या मागे, गाडीबरोबर आलेली सुट्या भागांची यादी सापडली. तिच्यात फिल्टरची उकललेली आकृती होती, प्रत्येक भाग दुसऱ्यापासून सुटा करून एका ओळीत मांडलेला. मी चष्मा पुसून बसलो आणि एकेक भाग बोटाने मोजू लागलो. डबा आहे. बोल्ट आहे. रबरी कडे आहे. गाळणी तर मिळवायचीच आहे. परंतु गाळणीच्या खाली, डब्याच्या तळाशी, आणखी काही काढलेले होते. एक स्प्रिंग, तिच्यावर पोलादी वॉशर, त्यावर नमद्याची चकती आणि सर्वांत वर पत्र्याची एक बशीसारखी ताटली.

मी परसात जाऊन डबा उघडला. त्यात ह्यांपैकी काहीही नव्हते.

त्या भागांचे काम समजायला मला पाच मिनिटे पुरली. स्प्रिंग ताटलीला वर दाबते आणि ताटली गाळणीला वर, डोक्याच्या बैठकीला घट्ट टेकवून धरते. मग तेलाला गाळणीच्या बाहेरून कागदातूनच आत शिरावे लागते. बोल्टाभोवतीच्या फटीतून कोणी निसटू नये म्हणून नमद्याची चकती. स्प्रिंग आणि ताटली नसतील तर गाळणी डब्याच्या तळाशी नुसती उभी राहते. तिच्या डोक्यावरून तेल सरळ मधल्या भोकात उतरते आणि जसे आले तसे बेअरिंगांकडे जाते. गाळणी असते, पण गाळले काहीच जात नाही. गाळणी बाजूला टेकवून ठेवून कपात चहा ओतावा, तसे हे झाले.

आणि मग मला ते वर्तमानपत्र आठवले.

अण्णा १९८७ साली वारले. तोवर थोरलीचे सगळे काम त्यांच्या विश्वासातले एक मिस्त्री करीत. १९९१ च्या दिवाळीच्या सुटीत माझ्या मनाने घेतले की एका बोल्टाच्या कामासाठी गॅरेजात कशाला जायचे? मी विज्ञानाचा शिक्षक, मला एवढे येऊ नये? डबा सोडला. काळे तेल कोपरापर्यंत ओघळले. जुनी गाळणी ओढून काढली, तिच्या बुडाला चिकटलेला आणि तळाशी साचलेला सगळा काळा राडा वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकला. डबा रॉकेलने धुऊन चांदीच्या भांड्यासारखा लखलखीत केला. नवी गाळणी घालून तो बसवला. मिस्त्रींना तो बसवताना खालून जोर लावावा लागे हे मी लहानपणापासून पाहिले होते. मला काहीच जोर लागला नाही, ह्याचेही मला कौतुक वाटले. जोर लागणार कसा? ज्या स्प्रिंगेशी तो जोर करायचा, ती वर्तमानपत्रात गेली होती.

तेव्हापासून दर वर्षी मीच तेल आणि गाळणी बदलू लागलो. दर वर्षी जुनी गाळणी बाहेर काढली की ती जवळजवळ स्वच्छ निघे. मी ती पत्नीला दाखवून म्हणे, "बघ, आपलं इंजिन किती निर्मळ आहे!"

इथे मला स्वतःची एक लाज सांगितली पाहिजे. पस्तीस वर्षे मी आठवीच्या मुलांना गाळण क्रिया शिकवली. गाळण कागदाची घडी कशी घालायची, तो नरसाळ्याच्या भिंतीला ओला करून कसा चिकटवायचा, कडेला फट राहिली तर गढूळ पाणी कागदाला न शिवता खाली कसे उतरते, हे सारे प्रात्यक्षिकासह. 'कागद स्वच्छ राहिला तर आनंद मानू नका, प्रयोग चुकला असे समजा,' हे माझे वर्गातले ठरलेले वाक्य होते. शाळेतली विद्या परसापर्यंत आली नाही.

१९९४ च्या मे महिन्यात गोव्याहून परतताना आंबोली घाट चढत असता इंजिनातून ठक् ठक् असा आवाज येऊ लागला. गाडी ओढून बेळगावला मिस्त्रींच्या गॅरेजात आणवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो तेव्हा त्यांनी फिल्टरचा डबा उघडला होता आणि तो हातात धरून ते उभे होते. ते काही बोलणार तोच मी सुरुवात केली. इंजिनाचे तेल मी त्यांच्याच सांगण्यावरून, त्यांच्याच दुकानातून घेत असे. त्यांनी भेसळीचे तेल दिले, अण्णांच्या माघारी पैसे खाल्ले, असे मी गिऱ्हाइकांच्या आणि काम करणाऱ्या मुलांच्या देखत बोललो. त्यांनी डबा शांतपणे बाकावर ठेवला आणि म्हणाले, "बरं मास्तर. तुम्हाला दुसरीकडं न्यायची असेल तर न्या." मी नेली. दुसऱ्या गॅरेजात क्रँकचा दांडा वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, घासून काढावा लागला. नवी बेअरिंगे पडली. त्यांनीही डबा होता तसाच बसवून दिला. त्यानंतर मी मिस्त्रींच्या रस्त्याने जाणे टाळू लागलो. गाव लहान नाही, जमते तसे.

आकृती समोर ठेवून मी त्या रात्री पुष्कळ वेळ बसलो. पत्नीला सर्व सांगितले. ती म्हणाली, "मग आता गाळणी शोधत बंगळूर पुणे काय करता? आधी तिथं जा."

सकाळी गेलो. गॅरेज मुलगा चालवतो. ऐंशी ओलांडलेले मिस्त्री दाराशी लाकडी स्टुलावर बसून कार्ब्युरेटरची जेट फुंकर मारून पाहत होते. मला पाहून म्हणाले, "या मास्तर. बसा की." जणू मी गेल्या आठवड्यात येऊन गेलो होतो. मी न बसता यादीतली आकृती त्यांच्यापुढे धरली आणि ताटलीवर बोट ठेवले.

"ही माझ्या डब्यात नाही," मी म्हणालो. "एक्क्याण्णव साली मीच फेकली."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "त्या दिवशी डबा उघडला तेव्हाच बघितलं. स्प्रिंग नाही, ताटली नाही. तेच सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीत? मी तुम्हाला नाही नाही ते बोललो."

त्यांनी जेट फडक्यावर ठेवली. "कसं सांगणार हो? दुकानात माणसं होती. हा माझा पोरगा सुटी म्हणून पाने पुसत तिथं उभा होता. जूनमध्ये दहावीला तुमच्याच वर्गात यायचा होता. बापानं पोरासमोर मास्तरांची चूक काढायची? मग वर्षभर तो तुमच्याकडून शिकणार काय? म्हटलं, राहू दे. इंजिन काय, पुन्हा बांधता येतं."

मुलगा आतून ऐकत होता. त्याच्या हातातला पाना तसाच थांबला होता. ते वर्ष मला आठवले. तो पहिल्या बाकावर बसे, प्रयोगाच्या वहीत त्याच्या आकृत्या सुबक असत, आणि मला त्याच्याकडे पाहताना दर वेळी त्याच्या वडिलांचा राग येई. त्याला ह्यातले काही माहीत नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होते.

मी घरून ठरवून आलो होतो की हलक्या आवाजात माफी मागावी आणि निघावे. परंतु जे चारचौघांत बोललो, ते एकांतात मागे घेता येत नाही. गॅरेजात तेव्हा दोन गिऱ्हाइके आणि तीन मुले होती. मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "ह्यांनी आमच्या गाडीला कधी वाईट तेल दिलं नव्हतं. इंजिन माझ्या अडाणीपणानं गेलं आणि आळ मी ह्यांच्यावर घेतला." घसा दाटून आला म्हणून पुढचे राहिले. गिऱ्हाइकांना अर्थातच काही उमगले नाही. मिस्त्री म्हणाले, "झालं ते झालं. पोरा, चहा सांग. आणि तो निळा डबा काढ."

निळ्या डब्यात मोडीत गेलेल्या गाड्यांचे सुटे भाग होते. स्प्रिंग मिळाली, वॉशर मिळाला. ताटली मात्र नव्हती. मुलगा म्हणाला, "सर, माप द्या, करून आणतो." ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान घातले, त्या गावाला लोखंडाशी बोलण्याची सवय जुनीच आहे. आज उद्यमबागेत ओतशाळा आणि लेथ ह्यांना तोटा नाही. आकृतीवरून, आणि बोल्टाची जाडी मोजून, त्याने दोन दिवसांत पत्र्याची ताटली करून आणली. नमद्याची चकती आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून तुकडा आणून कापली. गाळणी कलकत्त्याहून आली. चारही मापे वहीतल्याशी जुळली.

बसवण्याचे काम मिस्त्रींनी स्वतः केले, स्टुलावर बसून, मुलाला सांगत. डोक्याच्या खाचेतले रबरी कडे काढताना त्यांनी एक साधी टाचणी मागितली. पेचकस लावला तर खाचेला ओरखडा पडतो आणि तेल झिरपते. टाचणीने एक कडे निघाले. ते म्हणाले, "थांब, अजून एक आहे." खरोखरच खाली दुसरे, लाकडासारखे कडक झालेले कडे होते. कोणीतरी जुने न काढताच त्यावर नवे बसवले होते. डब्याखाली तेलाचे थेंब का पडतात हे कोडे मला किती वर्षे सुटले नव्हते! मग स्प्रिंग, वॉशर, नमदा, ताटली, गाळणी ह्या क्रमाने सर्व आत गेले. डबा वर धरून त्यांनी माझा हात त्याखाली ठेवला. "आता दाबा."

जोर लागला. खालून स्प्रिंगेचा नेट हाताला जाणवला. हा नेट लहानपणी मी मिस्त्रींच्या दंडावर पाहिला होता.

इंजिन चालू करून त्यांनी दाबमापक जोडला. सावकाश चालताना वीस पौंड, वेग दिल्यावर चाळिसाच्या वर. नव्या इंजिनाचा पन्नासाचा दाब आता येणार नाही. "वीस थाऊ घासलेला दांडा आहे," ते म्हणाले. "पण देवाला जायला पुष्कळ झालं." पैसे विचारले तेव्हा त्यांनी ताटलीच्या मजुरीचा आकडा सांगितला, बाकी नाही. मी आग्रह केला नाही. सगळ्याच गोष्टींचे पैसे देऊन टाकता येतात असे समजण्याची चूक एकदा झाली होती.

ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी, पंप किंवा जनित्र असेल त्यांना सुचवावेसे वाटते की जुनी गाळणी फेकण्यापूर्वी तिचे बूड आणि डब्याचा तळ बोटांनी चाचपावा. चिकट तेलाने ताटली गाळणीला अशी धरून राहते की ती वेगळी वस्तू आहे हे कळतही नाही. जुने कडे निघाल्याची खात्री करावी. डबा फार सहज बसला तर आनंद मानू नये. आणि आकृती आधी पाहावी, शोध नंतर करावा. मी उलट केले.

फेब्रुवारीत लग्न झाले. थोरली आंबोली घाट उतरली आणि चौथ्या दिवशी तोच घाट चढूनही आली. ज्या वळणावर १९९४ साली आवाज सुरू झाला होता तिथे मी नकळत कान टवकारले. मागे नात आणि नातजावई हसतखिदळत होते. त्यांना काही कळले नाही. इंजिन आपल्या नेहमीच्या स्वरात चढत राहिले.

परतल्यावर मिस्त्रींनी सांगून ठेवले होते त्याप्रमाणे मी गाळणी पुन्हा काढली, ह्या वेळी त्यांच्या मुलासमोर, आणि ताटली आधी बाजूला ठेवून. कात्रीने तिच्या घड्या कापून कागद वर्तमानपत्रावर पसरला. एवढ्याशा प्रवासात तो काळाकुट्ट झाला होता. घडीघडीत राखाडी गाळ होता आणि उन्हात धरल्यावर दोनचार बारीक चमकते कण दिसले. मुलगा म्हणाला, "सर, इतक्या वर्षांचं आत साठलेलं आता निघतंय." मी तो कागद तसाच घरी आणून पत्नीपुढे ठेवला.

ती म्हणाली, "अगं बाई, केवढी ही घाण! आणि तुम्ही हसता कशाला?"